राजगृहाचा जीर्णोद्धार आणि लोकांची अनुज्ञा

जो मनुष्य एखाद्या वास्तूत वारशाने किंवा खरेदीखताने नव्हे, तर केवळ पदामुळे राहतो, त्याला तिच्या भिंती पाडण्याचा, दालने वाढवण्याचा किंवा तिचे रूप पालटण्याचा अधिकार असतो काय, आणि असलाच तर तो कोणाच्या अनुज्ञेने वापरावा, हा प्रश्न वरवर पाहता बांधकाम खात्याचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आणि राज्यविचाराचा आहे. येथे धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे, तर पदाबरोबर येणारे कर्तव्य आणि त्या कर्तव्याने पदाधिकाऱ्यावर घातलेली मर्यादा. राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या निवासात फेरफार होतो तेव्हा खर्च लोकांचा, वास्तूही लोकांची, पण वापर एका व्यक्तीचा, अशी स्थिती असते. अशा वेळी विधिमंडळाने देखरेख ठेवावी की पदाची प्रतिष्ठा सांभाळून मौन पाळावे, याविषयी सर्वत्र मतभेद आढळतात. या मतभेदाचा विचार करण्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा परिसर विशेष उपयोगी आहे, कारण राजघराण्याच्या खर्चाचा प्राचीन लेख, भिक्षुसंघाच्या निवासांची परंपरा आणि ग्रामसभेच्या संमतीचा आधुनिक कायदा या तिन्ही गोष्टी तेथे एकाच मुलखात सापडतात.

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या घोडेगावात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. भीमाशंकरच्या बाजूने पसरलेल्या पश्चिम आंबेगावातील आणि लगतच्या जुन्नरमधील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अनुसूचित क्षेत्र म्हणजे आदिवासी वस्तीचा असा प्रदेश, ज्याच्या कारभारासाठी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत वेगळी व्यवस्था सांगितली आहे. या व्यवस्थेत राज्यपालांचे स्थान मध्यवर्ती आहे: या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल ते राष्ट्रपतींना पाठवतात आणि एखादा कायदा तेथे लागू करू नये किंवा फेरफारांसह लागू करावा, अशी अधिसूचना काढू शकतात. मलबार हिलवरचे राज्यपालांचे निवासस्थान आणि सह्याद्रीच्या कुशीतील महादेव कोळी या आदिवासी जमातीची वाडी यांच्यातील अंतर कितीही मोठे दिसले तरी संविधानाच्या दृष्टीने पहिल्या ठिकाणी राहणारी व्यक्ती दुसऱ्या ठिकाणच्या लोकांची पालक आहे.

याच वाडीला लागू असलेला एक नियम प्रस्तुत प्रश्नावर प्रकाश टाकतो. १९९६ साली संसदेने पंचायतविषयक तरतुदी अनुसूचित क्षेत्रांपर्यंत नेणारा कायदा केला, जो 'पेसा' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, आणि महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१४ साली केले. या कायद्यानुसार सामाजिक आणि आर्थिक विकासाची योजना हाती घेण्यापूर्वी पंचायतीला ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते, आणि पैसा खर्च झाल्यावर तो त्याच कामासाठी वापरला गेल्याचे प्रमाणपत्रही ग्रामसभेकडूनच मिळवावे लागते. ग्रामसभा म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांची बैठक नव्हे, तर मतदारयादीत नाव असलेल्या सर्व गावकऱ्यांची सभा. विहिरीचा कठडा बांधायचा असो वा समाजमंदिराचे पत्रे बदलायचे असोत, आधी ठराव, मग काम आणि शेवटी प्रमाणपत्र असा हा क्रम आहे. ग्रामसभेपुढे कोरम भरत नाही, ठराव कागदोपत्रीच होतो, अशा तक्रारी व्यवहारात असतात, परंतु त्यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही. संमती कामाच्या आधी आणि पडताळा कामाच्या नंतर, असे हे तत्त्व दुहेरी आहे. पालकाच्या घराला मात्र पाल्याच्या समाजमंदिराइतकीही शिस्त लागू नसावी काय, हा या निबंधाचा मूळ प्रश्न होय.

प्राचीन राज्यव्यवहारात राजाच्या खर्चाचा हिशेब नव्हता, असे म्हणता येत नाही. जुन्नरच्या पश्चिमेस, घाटघरजवळ, कोकणातून वर येणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राणी नागनिकेशी निगडित लेख कोरलेला आहे. अश्वमेधादी यज्ञ कोणते केले आणि त्यांत दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती, गावे आणि किती कार्षापण नाणी दिली, याची यादी त्या भिंतीवर वाचायला मिळते. व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेने जात, तेथेच राजघराण्याने आपला खर्च सर्वांना दिसेल असा मांडला. परंतु तो कीर्तीसाठी मांडला होता, त्यावर कोणी प्रश्न विचारावा म्हणून नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्र याच्याही पुढे जाते. राज्याच्या खर्चाच्या बाबी मोजताना ते देवपूजा आणि दान यांच्याबरोबर अंतःपुर आणि राजाची पाकशाळा यांचीही नोंद करते, आणि अधिकारी सरकारी धन कसे गिळंकृत करतात याचे ४० प्रकार सांगते. तरीही तेथे हिशेबाची दिशा वरची आहे: अधिकारी राजाला उत्तर देतात, राजा कोणाला देत नाही. तेव्हा हिशेब असणे आणि जाब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने चोरी पकडता येते, दुसरीने मालक कोण हे ठरते.

मालकीचा हा प्रश्न बौद्ध परंपरेने निवासाच्याच संदर्भात सोडवला. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आणि टाकी आहेत, आणि तेथील दानलेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, काशाचे कारागीर यांच्या श्रेणी म्हणजे व्यावसायिक संघ, यवन दाते, इतकेच नव्हे तर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यांचेही उल्लेख येतात. पश्चिम भारतातील लेण्यांचे असे दान सामान्यतः कोणा एका भिक्षूला नव्हे, तर चारही दिशांच्या संघाला, म्हणजे आलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व भिक्षूंच्या समुदायाला दिले जाई. भिक्षू त्या कोठडीत राही, दगडी ओट्यावर झोपे, पण त्या कोठडीचा स्वामी नसे.

विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संग्रहात, या तत्त्वाला काटेकोर रूप दिलेले आढळते. दाता नसताना, लोकांकडून सामान मागून स्वतःसाठी कुटी बांधणाऱ्या भिक्षूने ती आतून १२ विती लांब आणि ७ विती रुंद या मापाबाहेर नेऊ नये, वितीचे हे माप बुद्धाच्या हाताचे धरावे, आणि जागा आधी इतर भिक्षूंना दाखवून त्यांची मान्यता घ्यावी; त्या जागी प्राण्यांची हिंसा होणार नाही आणि कुटीभोवती फिरायला मोकळी वाट राहील हे त्यांनी पाहावे, असा नियम आहे. नियमामागची कथा अशी की आळवी येथील भिक्षू कुट्यांसाठी सतत बैल, गाडी, कुऱ्हाड, वेळू, गवत मागू लागले, तेव्हा लोक त्यांना टाळून आडवाटेने जाऊ लागले, दारे लावून घेऊ लागले आणि शेवटी दुरून गाई दिसल्या तरी भिक्षूच आले असे समजून पळू लागले. या कथेपेक्षाही लगतचा दुसरा नियम प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे. एखादा दाता सर्व खर्च उचलून भिक्षूसाठी मोठा विहार बांधून देत असेल तर मापाची मर्यादा सुटते, पण जागा संघाला दाखवून मान्यता घेण्याचे बंधन मात्र सुटत नाही, आणि ते मोडणारा भिक्षू गंभीर दोषाला पात्र होतो. पैसा कोणाचा आणि अनुज्ञा कोणाची, हे प्रश्न येथे स्वच्छ वेगळे केलेले आहेत: देणगीने खर्चाची चिंता मिटते, समुदायाचा अधिकार मिटत नाही.

हिंदू मंदिरपरंपरेतील जीर्णोद्धाराची कल्पनाही त्याच दिशेने नेते. जीर्ण झालेल्या देवालयाची पुन्हा उभारणी म्हणजे जीर्णोद्धार. अग्निपुराणासारख्या ग्रंथांत त्याचा विधी सांगितलेला आहे, आणि भीमाशंकरच्या मंदिराचे शिखर नाना फडणवीसांनी बांधवले, यासारखी उदाहरणे घोडेगावच्या परिसराला परिचित आहेत. आगमपद्धतीत काम सुरू होण्यापूर्वी कलाकर्षण करतात, म्हणजे मूर्तीतील देवत्व कलशात आवाहन करून तात्पुरत्या जागी नेतात, आणि त्यानंतरच जुन्या बांधणीला हात लागतो. वास्तू ज्याची, त्याला विचारल्यावाचून आणि त्याची सोय लावल्यावाचून दगड हलवायचा नाही, हा या विधीचा आशय होय. आधुनिक न्यायशास्त्राने हीच धारणा वेगळ्या भाषेत स्वीकारली: देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून संपत्तीची मालकी तिची, पुजारी किंवा वहिवाटदार केवळ व्यवस्थापक, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मल्लिक कुटुंबाच्या खटल्यात मान्य केले आणि मूर्ती कोठे ठेवावी याबाबतही देवतेच्या इच्छेचा विचार व्हावा, असे सांगितले. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार न्यासाची जमीन विकायची असेल तर विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. विश्वस्त प्रामाणिक आहे की नाही हे पाहून ही अट लागत नाही. तो मालक नाही, एवढेच कारण पुरेसे असते.

ज्या काळात राज्यप्रमुख परका होता आणि विधिमंडळ लोकांचे नव्हते, त्या काळातही हा प्रश्न पुण्यात उभा राहिला होता. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या पावसाळी निवासाचे बांधकाम सुरू झाले आणि ते १८७१ साली पुरे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, बँका आणि कंपन्या बुडाल्या, बांधकाम मात्र चालू राहिले. हा खर्च लंडनमध्ये कॉमन्स सभेत टीकेचा विषय झाला आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या उधळपट्टीचा आणि वरिष्ठांना न जुमानण्याच्या वृत्तीचा नमुना म्हणून या वास्तूकडे बोट दाखवले गेले. टीका झाली तेव्हा दगड चढवून झाले होते आणि पैसाही गेला होता. शिवाय ज्या शेतकऱ्यांच्या साऱ्यातून हा पैसा आला, त्यांचा एकही प्रतिनिधी त्या सभेत नव्हता; कापसाच्या मंदीने आणि वाढीव साऱ्याने पिचलेल्या याच शेतकऱ्यांनी १८७५ साली सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत सावकारांची खते जाळली.

प्रतिनिधीने काय करावे, याचे उदाहरण पुढे पुणे नगरपालिकेत घडले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुण्यातील आगमनानिमित्त १८८० साली एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ३२ नियुक्त सदस्यांपैकी एकट्या जोतीराव फुले यांनी विरोधी मत दिले, कारण तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावावा असे त्यांचे म्हणणे होते. फुले यांचा विरोध व्हाइसरॉयच्या पदाला नव्हता. करदात्याच्या गरजेपुढे पदाच्या शोभेला दुय्यम स्थान द्यावे, एवढाच त्याचा अर्थ होता. स्वातंत्र्यानंतर गणेशखिंडीची ती वास्तू पुणे विद्यापीठाला मिळाली, आणि ज्या विद्यापीठाचे ती आज मुख्य भवन आहे, त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

भारतीय संविधानाने या प्रश्नाला दिलेले उत्तर सूक्ष्म आहे आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय विधिमंडळाच्या देखरेखीची मागणी करणे योग्य होणार नाही. अनुच्छेद १५८ नुसार राज्यपालांना शासकीय निवासस्थानाचा वापर भाड्यावाचून करता येतो, आणि त्यांचे वेतन, भत्ते व सवलती संसद ठरवते. त्यासाठी १९८२ चा कायदा आहे. अनुच्छेद २०२ नुसार राज्यपालांच्या पदाशी संबंधित खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो. भारित खर्च म्हणजे असा खर्च, जो अर्थसंकल्पात दाखवला जातो पण विधानसभेच्या मतदानाला टाकला जात नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि राज्याच्या कर्जाची परतफेड याच वर्गात येतात. यामागचे कारण पदाचे स्वातंत्र्य हे आहे: राज्यपालांनी एखादे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले म्हणून चिडलेल्या बहुमताने त्यांचा पगार अडवू नये, न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून त्याची उपासमार होऊ नये. हे कारण भक्कम आहे. परंतु असे मतदान वगळणारा अनुच्छेद २०३ त्याच वाक्यात पुढे सांगतो की अशा अंदाजांवर विधिमंडळात चर्चा करण्यास कोणताही प्रतिबंध नाही. मत रोखले, मुख रोखले नाही, अशी ही योजना आहे. आणि मतदानाचे शस्त्र काढून घेतलेले असल्यामुळे चर्चेचे महत्त्व कमी न होता वाढते, कारण तेवढाच एक मार्ग उरतो.

आक्षेप घेणारे म्हणतील की वेतन आणि भिंत यांत फरक करण्याचे कारण नाही, दोन्ही पदाच्याच स्वातंत्र्याचा भाग आहेत. हा आक्षेप टिकत नाही. वेतन थांबले तर पदाधिकाऱ्याचा निर्णय दबावाखाली येऊ शकतो. दरबार हॉल किती मोठा असावा, जुने छत ठेवावे की नवे घालावे, याचा त्याच्या निर्णयबुद्धीशी संबंध नाही. राज्यपालांच्या वर्तनावर सभागृहात सहजासहजी बोलू नये, हा संकेत व्यक्तीचा मान राखतो. तो वास्तूला लागू करण्याचे प्रयोजन नाही, कारण राज्यपाल बदलतात आणि वास्तू पुढच्यासाठी उरते. उलट बांधकामाचा खर्च सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोठ्या मागणीत मिसळला गेला, तर तो तांत्रिकदृष्ट्या मतदानाला येऊनही शेकडो कामांच्या यादीत हरवतो, आणि अधिवेशनाच्या अखेरीस उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात तेव्हा त्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

अलीकडचे उदाहरण मुंबईच्या राजभवनाचे आहे. मलबार पॉइंटवरील 'जलभूषण' ही वास्तू १८८५ पासून राज्यप्रमुखाचे निवासस्थान होती. तिचे आयुर्मान संपल्याने ती पाडण्यात आली, नव्या वास्तूची पायाभरणी ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाली आणि जुन्या वास्तूची वैशिष्ट्ये राखून बांधलेल्या नव्या निवासाचे उद्घाटन १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्याच दिवशी, राजभवनाखाली २०१६ साली सापडलेल्या ब्रिटिशकालीन भुयारात क्रांतिकारकांचे दालन खुले झाले. त्याआधी फेब्रुवारीत नव्या दरबार हॉलचे उद्घाटन झाले होते. ही कामे अनावश्यक होती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही; जीर्ण वास्तू पाडणे कधीकधी अपरिहार्यच असते. तथापि एखादी शतकाहून जुनी सार्वजनिक वास्तू पाडावी की सावरावी, हा निर्णय तज्ज्ञांच्या अहवालावर सभागृहात आधी बोलून व्हावा, की पायाभरणीच्या आणि उद्घाटनाच्या समारंभांतूनच लोकांना कळावा, हा तत्त्वाचा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या सरकारला लागू आहे.

इतर देशांचे अनुभव दोन्ही बाजूंनी बोलके आहेत. व्हाइट हाऊसची आतली बांधणी धोकादायक झाल्याचे १९४८ साली आढळले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने पुढच्याच वर्षी ६ सदस्यांचा आयोग नेमला. त्यात दोन सिनेटर, दोन प्रतिनिधी आणि अध्यक्षांनी नेमलेले दोघे होते, आणि १९५२ साली काम पुरे होईपर्यंत देखरेख या आयोगाची होती. बकिंगहॅम राजवाड्याच्या जुन्या तारा, नळ आणि तापनयंत्रणा बदलण्यासाठी २०१६ साली ३६ कोटी ९० लाख पौंडांची दहा वर्षांची योजना जाहीर झाली आणि राजघराण्याच्या वार्षिक अनुदानातील वाढ २०१७ साली संसदेपुढे ठेवून मंजूर करून घेण्यात आली. याउलट ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाऊसचा पूर्वेकडील भाग मोठ्या नृत्यशाळेसाठी पाडण्यात आला. खर्च खासगी देणग्यांतून होणार असल्याने करदात्याला भुर्दंड नाही, असे समर्थन करण्यात आले, आणि काँग्रेसची स्वतंत्र मंजुरी घेतलेली नव्हती. विनयातील विहाराचा नियम या समर्थनाला नेमके उत्तर देतो. देणगीदार पैसा देतो, पण पाडलेली भिंत त्याची नव्हती. शिवाय राज्यप्रमुखाच्या घरासाठी दिलेल्या देणगीमागे दात्याची कोणती अपेक्षा आहे, हा नवा प्रश्न निर्माण होतो, जो सरकारी खर्चात उद्भवत नाही. म्हणून खासगी पैशाच्या कामाला देखरेख कमी नव्हे, अधिक लागते.

सुरक्षेचा आणि तातडीचा असे आणखी दोन आक्षेप विचारात घ्यायला हवेत. राज्यप्रमुखाच्या घराचे नकाशे चव्हाट्यावर मांडता येत नाहीत, हे खरे आहे. पण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या सदस्यांची छोटी समिती बंद दाराआड ते पाहू शकते. गळके छत सभागृहाच्या अधिवेशनाची वाट पाहू शकत नाही, हेही खरे आहे. म्हणून नित्याची देखभाल आणि वास्तूचे रूप पालटणारा फेरफार यांत सीमा आखावी लागेल आणि केवळ दुसऱ्याच प्रकाराला पूर्वचर्चेची अट लावावी लागेल. महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि लोकलेखा समिती हे नंतरचे पडताळे आहेतच, परंतु गणेशखिंडीने दाखवल्याप्रमाणे नंतरच्या टीकेने गेलेला पैसा परत येत नाही आणि पाडलेले दालन उभे राहत नाही.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की पदामुळे मिळालेल्या निवासात राहण्याचा अधिकार आणि त्या निवासाला बदलण्याचा अधिकार हे भिन्न आहेत. पहिला पदाधिकाऱ्याचा, दुसरा समुदायाचा, आणि समुदायाच्या वतीने तो वापरणारी योग्य संस्था विधिमंडळ होय. महाराष्ट्र विधानमंडळाने मुंबई, पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर येथील राज्यपालांच्या निवासस्थानांच्या मोठ्या फेरफारांसाठी एक साधा ठराव करावा: काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक, जुनी वास्तू राखण्याविषयीचा तज्ज्ञांचा अहवाल आणि देणगी असल्यास दात्याचे नाव सभागृहापुढे यावे, आणि काम संपल्यावर खर्चाचा पडताळा त्याच सभागृहात मांडला जावा. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कायदाही नको. जुन्नर आणि आंबेगावच्या अनुसूचित गावांकडून कायदा जेवढे मागतो, त्याहून यात काहीही अधिक नाही. आणि जे त्या गावांकडून मागितले जाते, ते त्यांच्या पालकाच्या घराबाबत मागण्यात पदाचा अवमान नसून पदाचा धर्म पाळला जातो. हा ठराव आणण्याची जबाबदारी सर्वप्रथम अनुसूचित क्षेत्रांतून निवडून येणाऱ्या सदस्यांनी घ्यावी.